‘वकाती’ नेमकी कधी बघते?

विचारा, सांगते : वाचकांचे प्रश्न

जुलैचा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा तुमच्याकडे पाऊस असेल आणि इथे टांझानियात, दार-ए-सलाममध्ये थंडी. थंडी म्हणजे काय, तर पहाटे खिडकी लावून घ्यावीशी वाटते एवढीच. किस्वाहिली ही इथली भाषा, आणि ७ जुलै हा जागतिक किस्वाहिली दिन. युनेस्कोने तो नोव्हेंबर २०२१ मध्ये ठरवला. त्याचं निमित्त धरून मागच्या महिन्यात मी ‘नुरू’बद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. नुरू ही किस्वाहिली शब्दांत लिहायची प्रोग्रॅमिंगची भाषा. तिचं इंजिन ‘गो’ या भाषेत बांधलेलं आहे, पण वापरणाऱ्याला इंग्रजी शब्द लागत नाहीत. ‘इफ’च्या जागी ‘कामा’, ‘प्रिंट’च्या जागी ‘अंदिका’ म्हणजे लिही, आणि ‘व्हाइल’च्या जागी ‘वकाती’. उपांगा या इथल्या भागात आमच्या इमारतीच्या खालच्या खोलीत दर शनिवारी मी आसपासच्या मुलांना ती शिकवते, असंही लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली ती बहुतेक सगळी वकातीवरच आली, म्हणून या वेळी दुसरे विषय बाजूला ठेवते.

एक सूचना. खालचे प्रोग्रॅम इथे देवनागरीत छापलेत ते वाचायला सोपे जावेत म्हणून. करून बघताना शब्द आणि आकडे दोन्ही रोमन कीबोर्डवरूनच टाइप करायचे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालो. मुलगा नोकरीसाठी चार वर्षांपासून दार-ए-सलामला आहे. नात अकरा वर्षांची, शेजारच्या मुलीबरोबर बसून नुरू शिकते. रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने मला एक प्रोग्रॅम दाखवला. किबुबूत रोज १,५०० शिलिंग टाकायचे आणि २०,००० झाले की थांबायचं. उत्तर आलं २१,०००. ती म्हणाली, “आजोबा, कॉम्प्युटर चुकला.” मी म्हटलं, “तो चुकत नाही.” पण मग चुकलं काय, हे मला सांगता आलं नाही. आयुष्यभर लोकांचे हिशेब जुळवले आणि नातीचा जुळवता आला नाही, याची चुटपुट लागली आहे.
– एक आजोबा, नाशिक

उत्तर : काका, नमस्कार. आधी किबुबू म्हणजे काय ते बाकीच्या वाचकांना सांगते. किबुबू म्हणजे इथला गल्ला. लाकडाची बंद पेटी, वर नाणं जाईल एवढी फट. किल्ली नाही, कुलूप नाही. उघडायचा म्हणजे फोडायचाच. आता नातीचा प्रोग्रॅम असा असणार :

फान्या अकीबा = ०
फान्या सिकू = ०
वकाती (अकीबा < २००००) {
    अकीबा = अकीबा + १५००
    सिकू++
}
अंदिका(सिकू)
अंदिका(अकीबा)

‘अकीबा’ म्हणजे शिल्लक, ‘सिकू’ म्हणजे दिवस. ‘फान्या’ने नवीन नाव मांडायचं. ‘सिकू++’ म्हणजे सिकूत एक मिळवायचा. वकातीच्या कंसात अट, आणि महिरपी कंसात दर फेरीला करायचं काम. हा प्रोग्रॅम १४ दिवस आणि २१,००० शिलिंग असं उत्तर देतो, आणि ते बरोबर आहे.

तेराव्या दिवसाअखेर शिल्लक होते १९,५००. आता यंत्र पुन्हा वर जातं आणि विचारतं, १९,५०० हे २०,००० पेक्षा कमी आहेत का? आहेत. मग ते आत शिरतं आणि सांगितल्याप्रमाणे पुरते १,५०० टाकतं. मध्ये २०,००० ओलांडले गेले, पण त्या क्षणी यंत्र बघतच नव्हतं. काम पुरं करून ते पुन्हा वर गेलं, २१,००० पाहिले, आणि तेव्हा थांबलं.

तुमच्या बँकेचंच उदाहरण घ्या. कामकाजाची वेळ संपायला दोन मिनिटं असताना एखादा माणूस दारातून आत आला. घड्याळ बघायचं काम दारावरच्या शिपायाचं. त्याने आत घेतलं म्हणजे घेतलं. पुढे त्या माणसाची स्लिप भरून, सही जुळवून, पैसे मोजून होईपर्यंत वेळ टळून गेली तरी त्याला अर्ध्या कामात कोणी उठवत नाही. पुढच्या माणसाला मात्र दार बंद. वकाती म्हणजे तो दारावरचा शिपाई. ती दारातच बघते, दर फेरीला एकदा. आत काय चाललंय याकडे तिची पाठ असते.

नातीची समजूत कुठून आली तेही सांगते, कारण ती चुकीची असली तरी वेडगळ नाही. किस्वाहिलीत ‘वकाती’ म्हणजे वेळ, किंवा ‘जेव्हा’, ‘असताना’. आई म्हणते, पाऊस पडत असताना बाहेर जाऊ नकोस, तेव्हा ती वकाती सारखीच चालू असते. पाऊस थांबला त्या क्षणाला संपते. रोजच्या बोलण्यातला हा शब्द डोळे उघडे ठेवून बसलेला असतो. प्रोग्रॅममधला तसा नसतो. शब्द ओळखीचा असल्यामुळे मूल न घाबरता आत येतं, आणि त्याच ओळखीमुळे इथे अडखळतं. मी स्वतः सुरुवातीला दोन शनिवार “यंत्र अटीवर लक्ष ठेवून असतं” असं शिकवलं होतं. तिसऱ्या शनिवारी एका मुलाने असाच गल्ल्याचा हिशेब समोर धरला आणि मला माझं वाक्य मागे घ्यावं लागलं. तेव्हापासून “लक्ष ठेवून असतं” हे शब्द मी वर्गात उच्चारत नाही.

बरोबर २०,००० वर थांबायचं असेल तर तेही यंत्राला सांगावं लागेल :

वकाती (अकीबा < २००००) {
    कामा (अकीबा + १५०० > २००००) {
        अकीबा = २००००
    } सिव्यो {
        अकीबा = अकीबा + १५००
    }
    सिकू++
}

‘सिव्यो’ म्हणजे तसं नसेल तर. दिवस १४ च येतील, पण शेवटच्या दिवशी तीनऐवजी पाचशेचं एकच नाणं पडेल. पुढच्या रविवारी नातीला एवढंच विचारा, “बेटा, बंद किबुबूत किती जमलेत हे तुला कसं कळतं?” ती म्हणेल, मी वहीत लिहून ठेवते. तर ‘अकीबा’ हे त्या पेटीचं नाव नाही, त्या वहीचं नाव आहे. वहीत लिहायला विसरलं तर पेटी भरत राहते आणि अट कधीच खोटी ठरत नाही. हे तुम्ही तिला माझ्यापेक्षा चांगलं समजावाल. खातेवही जन्मभर तुम्हीच सांभाळलीत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकवते. आमच्या मुलांना कॉम्प्युटर दाखवला की आधी इंग्रजीच आडवं येतं. तुमचं वाचून वाटलं, आपल्या भाषेतल्या शब्दांनी सुरुवात केली तर? पण सहकारी म्हणतात, पुढे पायथॉन ही इंग्रजी शब्दांची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायचीच आहे, मग मुलांना दोनदा कशाला शिकवायचं? तुमचा अनुभव काय?
– एक शिक्षिका, लातूर जिल्हा

उत्तर : बाई, तुमचा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा. इथल्या सरकारी प्राथमिक शाळा १९६७ पासून किस्वाहिली माध्यमाच्या आहेत. सात वर्षं मूल सगळं किस्वाहिलीत शिकतं, आणि माध्यमिक शाळेत पाऊल ठेवलं की पुस्तकं इंग्रजी. माझ्याकडे सातवीत असताना फळ्यापाशी येऊन तावातावाने बोलणारी एक मुलगी वर्षभराने माध्यमिकचा गणवेश घालून आली, आणि तेच गणित इंग्रजीत विचारलं तर खाली मान घालून बसली. मला आमची सांगली आठवली. दहावीपर्यंत लसावि काढण्यात माझा हात कोणी धरत नसे. अकरावी सायन्सच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी “एलसीएम घ्या” म्हटलं आणि मी शेजारणीच्या वहीत बघायला लागले. ते तर लसाविच, हे कळायला मला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी स्वतःला ढ समजले होते. ती भीती मला अजून जशीच्या तशी आठवते, आणि शनिवारचा वर्ग मी तिच्यासाठीच चालवते.

दोनदा शिकवावं लागतं का? शब्द दोनदा, विचार एकदाच. आमच्याकडे तीन-चार महिने नुरू झाली की मी वहीचं डावं पान नुरूला आणि उजवं पायथॉनला असं वाटून देते. वकातीसमोर व्हाइल, कामासमोर इफ, वुंजा (फेऱ्या तिथेच संपव) याच्यासमोर ब्रेक, एंदेलेआ (ही फेरी सोडून पुढची घे) याच्यासमोर कंटिन्यू. महिरपी कंस जातात, त्यांच्या जागी समास सोडायचा असतो. एका दुपारचं काम आहे. उजवं पान भरताना मुलं स्वतःच म्हणतात, “हे तर वकातीच आहे.” उलट ज्या मुलांनी सुरुवातच इंग्रजी शब्दांनी केली, त्यांना ‘व्हाइल’ आणि ‘ब्रेक’ लिहिता येतं, पण पुढच्या फेरीला अकीबा किती असेल असं विचारलं की ती पाठ केलेला प्रोग्रॅम पुन्हा म्हणून दाखवतात.

तुमच्या वर्गासाठी मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण ती मराठीला फार लागू आहे. गल्ल्याचा हिशेब तुम्ही मराठीत कसा सांगाल? “जोपर्यंत वीस हजार होत नाहीत तोपर्यंत टाकत राहा.” यातला ‘नाहीत’ बघा. आपलं ‘जोपर्यंत’ बहुतेक वेळा नकार बरोबर घेऊन चालतं. मूल प्रोग्रॅम लिहायला बसतं तेव्हा ‘जोपर्यंत’ आणि ‘वीस हजार’ हे दोन शब्द त्याच्या डोक्यात राहतात आणि ‘नाहीत’ वाटेत गळून पडतं. मग ते लिहितं :

वकाती (अकीबा == २००००) {

सुरुवातीला अकीबा शून्य. शून्य म्हणजे वीस हजार नव्हे. अट पहिल्याच बघण्यात खोटी. यंत्र आत पाऊलही टाकत नाही, चूक दाखवत नाही, गुपचूप पुढे निघून जातं. मुलाला वाटतं कॉम्प्युटर बिघडला. इथली मुलं हीच चूक दुसऱ्या वाटेने करतात. किस्वाहिलीत ‘होईपर्यंत’ला ‘म्पाका’ म्हणतात, आणि ती मनात म्पाका धरतात नि कागदावर वकाती लिहितात. म्पाकाच्या पुढे थांबायची खूण येते, वकातीच्या पुढे चालू राहायची. स्क्रॅच या, ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या भाषेत खेळून आलेल्या मुलांचा तर जास्तच गोंधळ होतो, कारण तिथला ठोकळा ‘अमुक होईपर्यंत पुन्हा कर’ असा आहे, म्हणजे तोही थांबायची खूण मागतो.

यावर मी करते ते असं. कॉम्प्युटर बंद. मुलांना अंगणात काढायचं. दारात एक मूल उभं करायचं, त्याच्या गळ्यात पुठ्ठा : ‘अकीबा २०,००० पेक्षा कमी आहे का?’ आत एक मूल वही घेऊन. बाकीची एकेक करून दाराशी येतात. दारातलं मूल आधी वहीवाल्याला आकडा विचारतं, मग पुठ्ठा मोठ्याने वाचतं आणि हो किंवा नाही एवढंच म्हणतं. हो असेल तर आलेलं मूल आत जातं, वहीत १,५०० वाढवून घेतं, मागच्या बाजूने बाहेर पडतं आणि पुन्हा रांगेत लागतं. तेराव्या फेरीनंतर मुलांचा आवाज चढतो. “आता? आता?” आणि चौदावं मूल आत गेल्यावर कोणीतरी ओरडतंच की एकवीस हजार झाले! दारातलं मूल तेव्हा रांगेकडे तोंड करून उभं असतं. त्याला मागे वळून बघायची परवानगी नाही, हा खेळातला सर्वांत महत्त्वाचा नियम. तो मोडू देऊ नका.

तुम्ही हे मराठीत आजच करू शकता. पुठ्ठ्यावर मात्र ‘जोपर्यंत कमी आहे’ असं होकारी लिहा. आणि सुरुवातीला काही महिने मुलांना प्रत्येक ‘जोपर्यंत… नाही’चं वाक्य मोडून होकारी करायला लावा. “बस येत नाही तोपर्यंत थांब” याचं होकारी काय? “बस यायची बाकी आहे तोपर्यंत थांब.” “भात शिजत नाही तोपर्यंत झाकण काढू नकोस”? “भात कच्चा आहे तोपर्यंत झाकण राहू दे.” घरून दहा वाक्यं आणायला सांगा. आजीकडून सर्वांत चांगली येतात.

प्रश्न : मी मूळचा कोल्हापूरचा, आयआयटी मद्रासच्या झांझिबार कॅम्पसमध्ये शिकतो. आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी जवळच्या वस्तीतल्या मुलांना नुरू शिकवतो. आठवड्याच्या दिवसांचा एक प्रोग्रॅम दिला होता. रविवार सोडून बाकीच्या दिवसांचे आकडे छापायचे. एका मुलाचा प्रोग्रॅम १ छापतो आणि तिथेच अडकतो. चूक मला दिसली, पण त्या मुलाला पटवता आली नाही. ताई, तुम्ही कसं सांगाल?
– एक विद्यार्थी, झांझिबार

उत्तर : तुमचा कॅम्पस २०२३ मध्ये सुरू झाला तेव्हा इथल्या मराठी घरांतून फार कौतुक झालं होतं, आयआयटीने देशाबाहेर टाकलेलं ते पहिलं पाऊल. तिथली मुलं वस्तीत जाऊन शिकवतात हे वाचून त्याहून बरं वाटलं.

वाचकांसाठी आधी हे : किस्वाहिली आठवडा शनिवारी सुरू होतो. शनिवार ‘जुमामोसी’, म्हणजे पहिला दिवस. रविवार ‘जुमापिली’, दुसरा. सोमवार ‘जुमाताटू’, तिसरा. म्हणून त्या मुलाने रविवारसाठी २ घेतला, ते बरोबरच आहे. त्याचा प्रोग्रॅम असा असणार :

फान्या सिकू = १
वकाती (सिकू <= ७) {
    कामा (सिकू == २) {
        एंदेलेआ
    }
    अंदिका(सिकू)
    सिकू++
}

सिकू २ झाला की एंदेलेआ लागते, यंत्र तिथूनच वर दाराशी जातं, खालची ‘सिकू++’ ही ओळ वाचायची राहून जाते. सिकू २ चा २ च. पुन्हा आत, पुन्हा वर. असं कितीही वेळ. हे तुला दिसलंच असेल. पण त्या मुलाला का पटत नाही? कारण ‘एंदेलेआ’ हा शब्द तो रोज शाळेत ऐकतो. वाचता वाचता मूल थांबलं की बाई म्हणतात, “एंदेलेआ”, म्हणजे पुढे वाच, खालच्या ओळीवर जा. त्याच्या कानाला एंदेलेआ खाली जायला सांगते, आणि यंत्र जातं वर. शब्दाने दाखवलेली दिशा आणि यंत्राची दिशा उलट आहेत. माझ्या मनाला इथे ‘रुका’ हा शब्द जास्त जवळचा वाटतो; किस्वाहिलीत रुका म्हणजे उडी मार. (आपल्या कानातल्या हिंदी ‘रुका’शी गल्लत करू नकोस.)

तेव्हा त्याला चूक दाखवू नकोस. वहीचं पान घे. वकातीच्या ओळीला डावीकडे बाण काढ आणि त्याला बोट ठेवून चालायला सांग. एंदेलेआवर बोट आलं की तू त्याचं बोट धरून वर नेऊन ठेव. मग विचार, “आता सिकू किती?” तो म्हणेल २. पुन्हा चालवायला सांग. तिसऱ्या वेळी तो स्वतः बोट उचलून तुझ्याकडे बघेल. माझ्याकडच्या बहुतेक मुलांना तिसरी फेरी लागते. त्यानंतर त्याला वाढ कुठे न्यायची ते सांगावं लागत नाही :

फान्या सिकू = ०
वकाती (सिकू < ७) {
    सिकू++
    कामा (सिकू == २) {
        एंदेलेआ
    }
    अंदिका(सिकू)
}

इथे वाढ आधी आहे म्हणून सुरुवात शून्यापासून आणि अट ‘सातपेक्षा कमी’. हे दोन्ही बदल त्यालाच शोधू दे. वाढ वर नेली आणि बाकीचं तसंच ठेवलं तर १ गाळला जाईल आणि शेवटी ८ छापला जाईल, छापू दे. आठवा वार बघून मुलं स्वतःच उठून दुरुस्त करायला धावतात.

‘वुंजा’ शिकवताना मात्र असा त्रास नाही. वुंजा म्हणजे मोड, फोड. किबुबू फोडण्यालाही हाच शब्द. गल्ला फोडला की साठवणं संपलं, हे कुणाला समजवावं लागत नाही.

प्रश्न : वकाती आणि आपलं ‘वखत’ यांचं काही नातं आहे का?
– पुणे

उत्तर : सख्खं नातं. दोन्ही अरबी ‘वक़्त’चीच लेकरं. आपल्याकडे तो फारसीच्या वाटेने आला, इकडे अरबांच्या गलबतांतून. नुरू म्हणजे उजेड, आणि आपण म्हणतो तिच्या चेहऱ्याचा नूर पालटला, तोच हा. ‘हेसाबू’ म्हणजे हिशेब. नुरूत अनेक पर्यायांतून एक निवडायला ‘बादिली’ लिहितात, तो आपला बदल. आणि कुठलाच पर्याय लागू पडला नाही तर ‘कावाइदा’, तो आपल्या कायद्याच्या मुळातला. ‘साहीही’ म्हणजे बरोबर, आणि कागदावर करतात ती सहीसुद्धा. मी इथे नवीन आले तेव्हा भाजीबाजारात हे शब्द कानावर पडले की आपलं माणूस भेटल्यासारखं वाटायचं.

प्रश्न : माझ्याकडे लॅपटॉप नाही. फोनवर जमेल का? आणि प्रोग्रॅम थांबतच नसेल तर काय करायचं?
– ठाणे

उत्तर : अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचं ॲप टाकून त्यात नुरू चालवता येते. माझ्या वर्गातली निम्मी मुलं मोठ्या भावाच्या फोनवरच करतात. न थांबणारी वकाती थांबवायला कंट्रोल आणि सी. टर्मक्समध्ये आवाज कमी करायचं बटण दाबून धरायचं आणि सी दाबायचं, तेच काम होतं. हे पहिल्या दिवशीच शिकून घ्या. थांबवता येतं हे माहीत असलं की मूल वाटेल ते करून बघतं.

प्रश्न : मागच्या वर्षी बहिणीकडे दार-ए-सलामला आले होते. रिक्षावाल्याने उद्या “सा मोजा” येतो असं सांगितलं. मोजा म्हणजे एक, म्हणून मी दुपारी एकला तयार होऊन बसले. तो सकाळी सातला येऊन, वाट पाहून गेला होता. हे गणित काय आहे? आणि ते तुमच्या वकातीत बसतं का?
– रत्नागिरी

उत्तर : बसतं, आणि छान बसतं. इथला दिवस सूर्याबरोबर उगवतो. विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे सूर्य बारा महिने साधारण सहाला उगवतो आणि सहाला मावळतो. उगवल्यानंतरचा पहिला तास संपला की ‘सा मोजा’, पहिला तास. म्हणजे आपले सात. दुपारचे बारा म्हणजे ‘सा सिता’, सहावा तास. तुमच्या बजाजीवाल्याने अगदी बरोबर वेळ सांगितली होती. (इथे रिक्षाला ‘बजाजी’च म्हणतात, आपल्या बजाजवरून. वाळूजहून इतक्या लांब आलेलं हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भरून आलं होतं.)

तर सांगितलेल्या तासात सहा मिळवायचे, आणि बारा ओलांडले तर बारा वजा करायचे :

फान्या सा = १
सा = सा + ६
वकाती (सा > १२) {
    सा = सा - १२
}
अंदिका(सा)

१ दिला तर ७ येतात. ७ झाले, १२ पेक्षा जास्त नाहीत, म्हणून वकाती आतच शिरत नाही. ८ देऊन बघा : १४ होतात, एकदा आत, २ येतात. म्हणजे दुपारचे दोन. ६ दिले तर १२ च राहतात. माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलाने वकाती न वापरता बाराने भागून बाकी काढली होती. त्याचा प्रोग्रॅम भर दुपारी शून्य वाजले म्हणायचा. बराच वेळ तो त्या शून्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, “मदाम, बारा हे बारापेक्षा जास्त नाहीत, म्हणून वकाती त्यांना हात लावत नाही.” मी त्याच्या वहीत सही केली, आणि त्याने खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं : साहीही.

पुढच्या वेळी याल तेव्हा बजाजीवाल्याला ‘असुबुही’ का ‘म्चाना’, म्हणजे सकाळी का दुपारी, एवढं तेवढं विचारून घ्या. माझ्याकडे उपांगालाही या, शनिवारी सा न्नेला वर्ग असतो. न्ने म्हणजे चार.